तिसरी ओळ खाली

९ फेब्रुवारी, रविवार

आज पहिल्यांदा माणसांबरोबर गिटार वाजवली. याआधी वाजवली ती भिंतीसमोर, मेट्रोनोमच्या टकटकीवर, आणि बायको, वसुधा, घरात असेल तर तिच्या सहनशक्तीवर.

परेश आमच्या औषधांच्या प्लॅन्टमध्ये पॅकिंगला आहे. त्याचे आजोबा इंदूरच्या मिलमध्ये नोकरीला आले तेव्हापासून त्यांचं घर छत्रीबागेत. मी गिटार शिकतो हे त्याला कंपनीच्या बसमध्ये कळलं, कारण पीथमपूर येईपर्यंत माझ्या डाव्या हाताची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर चालू असतात. आधी त्याला वाटलं मला काही आजार आहे. मग म्हणाला, "सर, पहिले बोलायचं ना! आमचा गिटारवाला बेंगलोर गेला, आम्ही तर परेशान होतो."

त्यांचं छोटंसं मंडळ आहे. परेश कहोन वाजवतो, म्हणजे एका लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं बडवतो. शलाका गाते आणि कीबोर्ड सांभाळते. उन्मेष बेस गिटारवर, म्हणजे सगळ्यात खालचे स्वर त्याचे. पाडव्याला सकाळी महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात ते स्वतःचं गाणं करणार आहेत. गाण्याच्या मध्ये गिटारचा सोलो, चार ओळींचा. तो मी वाजवायचा.

मी त्यांना माझी तयारी सांगितली: मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचं स्केल, पाचही पोझिशन, बाराही पट्ट्या, चढता-उतरता, डोळे मिटून. क्वालिटी कंट्रोलमध्ये जन्म गेल्यामुळे मी अर्धवट काही करत नाही. वाजवून दाखवलं. शलाका म्हणाली, "अरे, हा तर धानी राग आहे!" आणि तेच पाच स्वर तिने सहज गाऊन दाखवले. मी तीन वर्षं ज्याला अमेरिकेचा माल समजत होतो तो आपल्याच कोठारातला निघाला. थोडा खट्टू झालो. पण ती गात असताना ते स्केल वाटत नव्हतं, गाणं वाटत होतं, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

मी विचारलं, "सोलोचे स्वर लिहून मिळतील का?"

परेश म्हणाला, "लिहायचं काय, सर? जे सुचेल ते."

"सुचेल म्हणजे कुठून?"

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

११ फेब्रुवारी

मिरजेला दादाला फोन करून बातमी दिली. तो म्हणाला, "मिरजेचा माणूस सतार सोडून गिटार घेऊन बसला, आणि तीही इंदुरात. बाबा असते तर जेवले नसते." बाबा स्वतः माउथ ऑर्गन वाजवायचे. दादा हे सोयीस्करपणे विसरतो.

गाण्याचे कॉर्ड मोबाईलवर लावून तासभर वाजवलं. ए मायनर, एफ, सी, जी. हे चार झाले की एक ओळ संपते. एकही स्वर स्केलच्या बाहेर गेला नाही. शंभर टक्के अचूक. वसुधा बाहेर आली आणि म्हणाली, "रागावू नका, पण तीन वर्षं मी नुसती शिडी ऐकतेय. तुम्ही वर जाता, मग उतरून येता. वरून काही घेऊन येत नाही."

मी म्हणालो, सोलोमध्ये घेऊन येईन. बोलून गेलो खरा.

१६ फेब्रुवारी, रविवार

परेशच्या घरी वरच्या खोलीत तालीम. त्याच्या आई सरलाताई पोहे घेऊन आल्या, वर शेव आणि जिरावन मसाला इतका की पोहे शोधावे लागले. मस्त.

सोलो वाजवला. चारही ओळी, एक क्षण न थांबता. संपल्यावर परेशने विचारलं, "सर, तुम्ही सांस कधी घेता?"

मग तो विचार करून म्हणाला, "असं करू. पहिल्या दोन ओळी तुमच्या, बिंदास भरा. तिसरी ओळ खाली ठेवा. चौथीत फिर से या."

ही सूचना मला एकदम पटली. मुलगा पॅकिंगला आहे, पण डोकं आहे. दोन ओळी वरच्या स्वरांत, तिसरी खालच्या, चौथीत पुन्हा वर. याला रचना म्हणतात. मी पाचव्या फ्रेटवरून थेट मोकळ्या तारांपाशी उतरलो आणि तिसरी ओळ तिथेच वाजवली.

परेश थांबला. "सर, तिसरी खाली बोललो ना."

"हो, गेलो की."

"नाही, म्हणजे... बिलकुल खाली."

"बिलकुल?"

"हां. एकदम."

पुन्हा केलं. या वेळी चौथ्या, पाचव्या, सहाव्या अशा जाड तारांवरून हललोच नाही. परेशने शलाकाकडे पाहिलं, शलाकाने खिडकीकडे पाहिलं. अजून पुरेसं खाली जात नाही असं दिसतं. या लोकांचा कान फार चांगला आहे.

१९ फेब्रुवारी

सहावी तार सैल करून ईवरून डीवर आणली. डी स्केलमधलाच स्वर आहे, म्हणजे नियमात बसतं. तार दोरीसारखी लोंबते आणि फ्रेटवर आपटून खडखडते. वसुधाने आतून विचारलं, "काय पडलं?"

२३ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्या ओळीत आज मी सैल तारेवर डी वाजवला. इतका खाली मी आयुष्यात गेलो नव्हतो. उन्मेष, जो एरवी महिन्यातून एकदा बोलतो, तो म्हणाला, "सर, तिथे तर मी राहतो." त्याचा बेस तिथेच वाजतो हे खरं आहे. पण मी काय करू? सांगणारा परेश आहे.

परेश घामाघूम. मी ऑफिसात त्याच्यापेक्षा वरचा म्हणून तो मला ओरडू शकत नाही, आणि त्याला ओरडायचं होतं हे दिसत होतं. शेवटी हात जोडून म्हणाला, "सर, प्लीज. तिसऱ्या ओळीत तुम्ही खाली बसा ना!"

मला आश्चर्य वाटलं. पण स्टेजवरची काही लकब असेल, आजकाल असतं तसं. तिसरी ओळ आली तेव्हा मी वाजवता वाजवता सतरंजीवर बसलो. बसताना गुडघा वाजला, तालात. कुणी हसलं नाही. तेवढ्यात सरलाताई चहा घेऊन आल्या आणि परेशवर खेकसल्या, "अरे, एवढ्या मोठ्या माणसाला जमिनीवर काय बसवतोस? खुर्ची दे त्यांना!"

चौथ्या ओळीला उठता आलं नाही. उन्मेषने हात दिला.

२५ फेब्रुवारी

संगीताच्या दुकानात चौकशी केली की गिटारवर याच्याही खालचे स्वर कसे काढतात. दुकानदार म्हणाला, "बेस ले लो, साहब." उन्मेषचं पोट कशावर भरतं माहीत नाही, पण मी त्याच्या पोटावर पाय देणार नाही.

५ मार्च

परेश आज बसमध्ये शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "सर, वाईट नका मानू. रंगपंचमीनंतरच्या रविवारी आपण फायनल करू. तिसरी ओळ नाही जमली तर सोलो शलाका कीबोर्डवर घेईल. तुम्ही कॉर्ड वाजवा, तेही इम्पॉर्टंट असतं."

मी "हो, हो, काहीच हरकत नाही" असं म्हणालो.

हरकत आहे. फार हरकत आहे. मला हा सोलो हवा आहे. एक्कावन्नाव्या वर्षी एवढी हाव बरी नव्हे, पण आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी तपासत आलो. गोळीचं वजन बरोबर आहे का, रंग बरोबर आहे का, झाकण घट्ट आहे का. गोळी काही मी बनवत नाही. एकदा, फक्त चार ओळी, आधी कुठेच नव्हतं असं काहीतरी माझ्या हातून निघावं, आणि वसुधाने ते ऐकावं. बस.

पण तिसरी ओळ. अजून किती खाली जायचं?

९ मार्च, रविवार

तालमीला सर्दीचं निमित्त सांगून गेलो नाही. घरी शिडी चढलो आणि उतरलो. वसुधाने आल्याचा चहा दिला. सर्दी खरी असल्यासारखं मी तो पिऊन टाकला.

१६ मार्च, रविवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा. हसून हसून पोट दुखतंय म्हणून अक्षर वाकडं येतंय.

सकाळी वसुधा म्हणाली, खजरान्याच्या गणपतीला जाऊन येऊ. दर्शन झालं, मी स्टॉलवर लाडवांसाठी उभा राहिलो. पलीकडच्या बाकावर सरलाताई भेटल्या. वसुधाची आणि त्यांची आज पहिलीच भेट. मी ओळख करून दिली आणि पुन्हा रांगेत गेलो, पण ऐकू येत होतं.

सरलाताई प्रेमाने म्हणाल्या, "या ना वसुधाजी, इथे खाली आहे. बसा."

वसुधा साताऱ्याची. मोठ्या बाईने खाली बस म्हटलं तर ती खाली बसते. ती पदर सावरून फरशीवर मांडी घालून बसली.

"अगं बाई! जमिनीवर कशाला? इकडे खाली आहे ना!"

"बसलेय की खालीच," वसुधा म्हणाली.

"अहो, खाली म्हणजे वर! बेंचवर! बेंच पूरी खाली आहे!"

मग वसुधाला उमगलं आणि ती फरशीवर बसल्या बसल्या हसायला लागली. "म्हणजे रिकामी होय? अहो, आमच्याकडे खाली म्हणजे खाली!" सरलाताईही हसायला लागल्या. दोघींच्या डोळ्यांतून पाणी.

मी रांगेत उभा. हातात लाडवांचा पुडा. स्टॉलवाला म्हणतोय, "आगे बढ़ो, भिया," आणि मला पुढे सरकता येत नाही.

तिसरी ओळ रिकामी.

बिलकुल रिकामी. एकदम. तिसऱ्या ओळीत नुसते बसून राहा.

मी हिंदी बोलतो. या शहरात सात वर्षं राहतो. रिक्षावाला "खाली है" म्हणाला तर मी रिक्षाच्या खाली शिरत नाही. पण परेश मराठीत बोलत होता, म्हणून मी शब्द मराठीतला घेतला. त्याच्या मराठीत अर्धं इंदूर असतं हे मला कानाने माहीत होतं, डोक्याला माहीत नव्हतं.

तिथूनच परेशला फोन लावला. "परेश, खाली म्हणजे रिकामी?"

"हां सर. और क्या?"

"मला वाटलं, खाली म्हणजे खालच्या स्वरात."

पलीकडून हळूच, "सर, म्हणून तार सैल केली होती?"

"हो."

"आणि... जमिनीवर..."

"हो, परेश."

फोन त्याच्या हातातून पडला असावा. आवाज लांबून येत होता, पण माणूस गडबडा लोळतोय हे कळत होतं. परत आला तेव्हा म्हणाला, "सर, आम्हाला वाटलं तुम्ही नाराज होऊन बसलात! शलाका तर बोलली, आता सरांना काही सांगूच नका."

महिनाभर ही माणसं मला घाबरत होती आणि मी त्यांच्या कानाचं कौतुक करत होतो.

१७ मार्च

सहावी तार पुन्हा ईवर आणली. ऑफिसात परेश समोरून आला, दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं, तरी हसू फुटलंच. मॅनेजरने विचारलं काय झालं. सांगण्यासारखं नव्हतं.

१९ मार्च, रंगपंचमी

गेरच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, सुट्टी. स्नेहलतागंजात आमच्या खिडकीपर्यंत गुलाल उडून आला. मी मात्र घरात रिकामी ओळ घोटत बसलो.

जमत नाही! सैल तारेवर डी वाजवणं सोपं होतं. तिसरी ओळ आली की उजवा हात आपोआप तारेवर जातो. नाही म्हटलं तर नुसता टिचकी मारतो. मी ठरवून थांबलो तर मनात स्केल म्हणतो आणि ओठ हलतात.

वसुधा रंग खेळून आली. कपाळ हिरवं, एक कान गुलाबी. थोडा वेळ ऐकलं आणि समोर येऊन बसली. "लावा परत." तिसरी ओळ आली तशी तिने माझं उजवं मनगट धरलं. घट्ट. माझ्या बाहीला रंग लागला. चारही कॉर्ड होईपर्यंत तिने सोडलं नाही.

आणि तेव्हा मी पहिल्यांदा ते चार कॉर्ड ऐकले. महिनाभर त्यांच्यावर वाजवत होतो, ऐकले आज. ए मायनर सरकून एफ होतो तेव्हा उजाडल्यासारखं वाटतं. सीवर सगळं स्थिर होतं. जी कुठेतरी नेऊन उभा करतो आणि पुढे काय ते सांगत नाही.

मग हे लक्षात आलं. स्केल तेच, स्वर पाचच, पण प्रत्येक कॉर्डवर त्यांचा स्वभाव बदलतो. ए हा स्वर ए मायनरवर घरमालक असतो, एफवर घरचाच पण दिलदार पाहुणा, आणि जीवर तोच अवघडून दारात उभा राहतो. मी आजवर पाचही स्वरांना सारखंच वागवत होतो. कॉर्ड बदलला की त्याच्या ओळखीच्या स्वरावर जाऊन टेकायचं. मग शिडी शिडी राहत नाही.

वसुधाला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हात सोडू का आता? अवघडलाय."

२३ मार्च, रविवार

फायनल. दोन ओळी वाजवल्या, कमी स्वरांत, कॉर्डचं बोट धरून. तिसरी ओळ आली. मी दोन्ही हात गिटारवरून उचलून हवेत धरले, धोका नको म्हणून. शलाकाचा कीबोर्ड, उन्मेषचा बेस आणि परेशचं खोकं, तिघेही पहिल्यांदा मोकळे वाजले. उन्मेष चक्क हसला.

चौथी ओळ मी घाईघाईत भरली. तरी परेश म्हणाला, "सोलो तुमचा, सर." सरलाताईंनी पोह्यांवर जास्तीची शेव घातली. मी दोनदा घेतले.

२६ मार्च

नवी काळजी. रिकाम्या ओळीनंतर पहिला स्वर कुठला? चौथी ओळ ए मायनरवर सुरू होते. ए, सी, ई हे तिन्ही बसतात. प्रत्येकाचे फायदे-तोटे कागदावर मांडून परेशला बसमध्ये दाखवले. त्याने वाचले, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकले. "तेव्हाचं तेव्हा बघू ना, सर."

तेव्हाचं तेव्हा! या पद्धतीने आमचा प्लॅन्ट एक दिवस चालणार नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळचा कार्यक्रम. सभागृह भरलेलं, गजरे, नऊवाऱ्या, पुढच्या रांगेत सरलाताई आणि वसुधा. वसुधाकडे माझा मोबाईल. सोलो रेकॉर्ड कर, म्हणजे घरी येऊन चुका तपासता येतील, असं सांगून ठेवलं होतं. बटण कुठलं तेही दाखवलं होतं.

शलाकाने गाणं असं उचललं की माझी भीती थोडी मागे सरकली. सोलो आला. पहिली ओळ कशी गेली आठवत नाही. दुसरीत एफवर सीला टेकलो आणि बरं वाटलं, कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा तसं. मग थांबलो.

रिकामी ओळ. लोकांना वाटलं माझं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या हळूहळू परेशच्या ठेक्यात मिसळल्या आणि सगळं सभागृह ताल धरून बसलं. या वेळी हात गिटारवरच होता, कुणी धरला नव्हता आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं. जी आला. परेशने माझ्याकडे पाहिलं.

मी ए ठरवला होता. बोट पडलं डीवर, तिसऱ्या तारेवर, सातव्या फ्रेटला. चुकला म्हणावं तर स्केलमधलाच, पण ए मायनरवर तो लटकून राहिला. मला सोडवेना. मी तार ओढली, वर, आणखी वर, आणि डी वाकत वाकत ईला जाऊन मिळाला. तिथे तो इतका गोड लागला की मी तो तसाच धरून ठेवला. शलाका मागून "वाह!" म्हणाली. पुढची ओळ मी वाजवली असं म्हणवत नाही. एक सुचलं, त्याने दुसरं आणलं. मी हसत होतो, असं उन्मेष सांगतो.

खाली उतरल्यावर (मराठीतलं खाली) परेशने मला "सर" न म्हणता "भिया!" म्हणून मिठी मारली.

घरी आल्यावर श्रीखंड-पुरी. जेवताना मोबाईल मागितला. त्यात सभागृहाच्या छताचा एक फोटो होता. बाकी काही नाही.

"रेकॉर्डिंग?"

वसुधाने पुरी मोडली. "विसरले. ऐकत बसले ना."

मी रागवायला हवं होतं. बटण दाखवलं होतं. पण तिचे डोळे लाल होते, आणि श्रीखंडाने डोळे लाल होत नाहीत.

हात धुऊन ती म्हणाली, "परत वाजवा ना ते. शेवटचं. वाकवून नेलं होतं ते."

गिटार घेतली. सातवा फ्रेट, तिसरी तार, डी, तार ओढली. ई आला. स्वर बरोबर, पण ते नव्हतं. पुढे काय होतं? खूप आठवलं. एक स्वर आठवेना.

"येत नाही," मी म्हणालो. "गेलं ते."

आमच्या प्लॅन्टमध्ये जो माल दुसऱ्यांदा तसाच निघत नाही त्याच्यावर मी स्वतः लाल शिक्का मारतो. आज मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट आनंद झाला. ते जिने ऐकायचं तिने ऐकलं होतं.

"मग दुसरं वाजवा," वसुधा म्हणाली.

"दुसरं कुठलं?"

"मला काय माहीत? जे सुचेल ते."

ती खुर्ची ओढून समोर बसली. वाट्या तशाच राहिल्या. मी सुरू केलं, थोडं वाजवलं आणि मध्येच थांबलो. ती उठली नाही. या रिकाम्या ओळीनंतर आता मी कुठून परत येतो ते बघत बसली.